दुसऱ्या अंतऱ्याची व्यवस्था

मृत्युपत्र लिहून ठेवणार: महेंद्र शिवराम गमरे, वय पासष्ट, धर्म बौद्ध, एस.टी.च्या खोपट आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त, राहणार मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व.

मी शुद्धीवर आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी फूस लावलेली नाही, आणि समोर बसून कोणी मजकूरही सांगत नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी बुधवार म्हणालो. बुधवार हा वार माझ्या पिढीतला माणूस चितेवरसुद्धा विसरणार नाही, कारण त्या दिवशी रेडिओवर हिट गाण्यांची पायदानं जाहीर व्हायची. पण हे ऐकायला डॉक्टरांना वेळ नव्हता. बाहेर रांग होती.

माझं यकृत गेलं आहे. आयुष्यात दारूला शिवलो नाही, हे त्या यकृताला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. पुढची दिवाळी धरू नका असं सांगण्यात आलं आहे, म्हणून हे लिहिणं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वकिलांनी दिलेला मसुदा दीड पानाचा होता. बाकीची भर माझी आहे आणि त्याबद्दल त्यांना दोष देऊ नये.

कलम १. माझी माणसं.

पत्नी नीरजा, माहेरची टेंबे, वय चौसष्ट. मुलगा मयूर, बंगळुरूला असतो. मुलगी प्रियांका आणि जावई साकेत. हे दोघं टिटवाळ्याचं नवं घर भाड्याने देऊन गेल्या वर्षापासून आमच्याकडे राहायला आले आहेत. आईला सांभाळायला आले आहेत.

नीरजाला विसरण्याचा आजार आहे. तिने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आज तिला गॅस कोणत्या बाजूने बंद होतो ते आठवत नाही. मुलांची नावं कधी आठवतात, कधी नाही. मी कोण हे बहुतेक वेळा आठवत नाही. घरात वावरणारा एक म्हातारा, एवढीच माझी ओळख आहे. मला ती "अहो" म्हणते. लग्न झाल्यापासून तिने मला कधी अहो म्हटलं नव्हतं.

पण रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, ती एक गाणं म्हणते. ब्याऐंशी सालचं, रेडिओवर गाजलेलं. गाण्याचं नाव इथे लिहीत नाही, त्या काळात ज्यांना कान होते त्यांना ते कळेल. ती मुखडा म्हणते, पहिला अंतरा म्हणते आणि थांबते. दुसरा अंतरा माझा आहे. मी तो म्हटला की ती माझ्याकडे पाहून "महेंद्र, सूर वर चढवू नकोस" म्हणते. दिवसात तेवढा वेळ मी महेंद्र असतो. मी नाही म्हटला, तर ती उठते, चपला शोधते आणि राहिलेल्या माणसांना बोलवायला निघते. एकदा अशी निघाली ती एम.आय.डी.सी.च्या रस्त्यावर सापडली, अनवाणी. पावलं सोलवटली होती. "कोणी येतच नाहीयेत रे, कार्यक्रम सुरू व्हायचाय," असं रडत रडत एका टेम्पोवाल्याला सांगत होती.

माझ्यामागे तो अंतरा कोण म्हणणार, हा प्रश्न आहे. हे मृत्युपत्र त्यासाठी आहे. नाहीतर माझ्या इस्टेटीची वाटणी पोस्टकार्डावर मावली असती.

कलम २. राहतं घर.

मानपाडा रोडवरचा दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावे आहे. नीरजा हयात असेपर्यंत ती त्यात राहील. तिला दुसरीकडे हलवू नये, तिच्या भल्यासाठीसुद्धा नाही. तिच्यानंतर फ्लॅट प्रियांकाचा.

मयूर, तू चिडू नकोस. आईला ठेवायला बदलापूरजवळची ती संस्था तू दाखवलीस, चांगली होती. लॉन होतं, नर्स होत्या. तिथल्या बाई मला म्हणाल्या, "काका, इथे संध्याकाळी म्युझिक थेरपी असते." मी विचारलं, "दुसरा अंतरा कोण म्हणतं?" त्यांना कळलं नाही, आणि मलाही समजावता आलं नाही.

तू पाठवलेला तो हुकमाचा स्पीकरही वाया गेला नाही. गाण्याचं नाव उच्चारलं की तो गाणं लावतो, मूळ गायिकेच्या आवाजात, एकदम साफ. तुझ्या आईने दोन ओळी ऐकल्या आणि त्याला झापलं. "मध्ये मध्ये करू नका. माझा भाग चाललाय ना?" तो बिचारा 'सॉरी' म्हणाला. तुझ्या आईपुढे वर्गातल्या कोणाचंच काही चाललं नव्हतं, तर यंत्राचं काय चालणार? तरी त्या स्पीकरने एक गोष्ट मला दाखवली. ती कलम ६ मध्ये आहे.

कलम ३. बँकेतली शिल्लक.

ती मयूरची. त्यातून आईच्या औषधांचा खर्च त्याने करायचा आहे. तो करेल, मला शंका नाही. बापावर प्रेम आहे हे सांगण्याची त्याची पद्धत वस्तू पाठवण्याची आहे, तेवढंच.

कलम ४. अकॉर्डियन आणि ज्या कामासाठी तो घेतला ते काम.

एक अकॉर्डियन, काळा, डाव्या बाजूची दोन बटणं मुकी. वसईच्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडून जुना घेतलेला. माझी आई रमाबाई हिने एका अटीवर तो घरात येऊ दिला. चौदा एप्रिलला तो आधी बाबासाहेबांच्या मिरवणुकीत वाजेल, मग बाकी कुठेही वाजो. ती अट मी निवृत्तीपर्यंत पाळली. अकॉर्डियन खोपटच्या आमच्या जुन्या वस्तीतल्या बुद्धविहाराला द्यावा आणि अट तीच ठेवावी.

तो घेतला ऑर्केस्ट्रासाठी. आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव 'धूमकेतू'. नावाप्रमाणेच आला आणि गेला. मी अकॉर्डियनवर, जगन बोंगो-कोंगोवर, कल्याणचा आनंद भोईर मुख्य गायक, आणि डोंबिवलीची नीरजा टेंबे. ती कॉलेजात होती आणि घरी शिकवणीला जाते असं सांगून यायची. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत गणपती, सत्यनारायण, हळदी, कुठेही आम्ही वाजवलं आहे. तालमी खोपटच्या आमच्या चाळीत व्हायच्या, कारण रेडिओ आमच्याकडे होता.

हल्लीच्या पोरांना हे सांगितलं की हसतात, पण आमची गाणी आम्ही रेडिओवरून पकडायचो. रेकॉर्ड घ्यायची ऐपत नव्हती, टेपरेकॉर्डर चाळीत एकाकडेच होता आणि तो हात लावू द्यायचा नाही. फर्माईशच्या कार्यक्रमात गाणं कधी लागेल याचा नेम नाही, आणि लागलं की तीन मिनिटांत संपणार. म्हणून वाटणी केलेली. मुखडा सगळ्यांनी पकडायचा. पहिला अंतरा नीरजाने, दुसरा मी, तिसरा असला तर आनंदने. मधलं संगीत जगनने तोंडाने वाजवून लक्षात ठेवायचं. आपला भाग आला की कानात प्राण आणायचे, दुसऱ्याचा आला की चक्क कान बंद करायचे. कारण एका डोक्यात दोन अंतरे गेले की त्यांची खिचडी होते. ज्याने जे पकडलं ते त्याचं. स्टेजवरसुद्धा आम्ही तसंच वाटून म्हणायचो आणि लोकांना ते आवडायचं. अर्ध्या गाण्यांचे माझ्या वाट्याचे तुकडे मला आजही पाठ आहेत आणि बाकीचे कधीच आले नाहीत.

तेव्हा सगळं नवीनच येत होतं. डिस्कोचा ठेका, कीबोर्डचे ते पाण्यात बुडाल्यासारखे आवाज, आणि परदेशात रेकॉर्ड केलेल्या एका कोवळ्या पोरीचा स्वतःवरच स्वतः चढवलेला दुहेरी आवाज. माझे वडील शिवराम गमरे आगारात मेकॅनिक. ते अंगावर ग्रीस घेऊन दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "अरे हे गाणं आहे की इंजिन मिस मारतंय?" पण मुखडा त्यांनाही पाठ होता. एकदा गाडीखाली झोपून गुणगुणताना मी त्यांना पकडलेलं.

आज त्या चाळीच्या जागी टॉवर आहे. जगन वारला. ते आवाज कुठे लागले की मी तिथून उठून जातो. आनंदाची गाणी होती ती सगळी. तसं तेव्हा वाटायचं तरी.

कलम ५. नीरजाचे भाऊ.

यांना सगळे भाऊच म्हणतात, मीही. राहणार डोंबिवली पश्चिम. आमच्या लग्नाला ते आले नाहीत. त्यानंतर इतक्या वर्षांत आमच्या घरी तीनदा आले आणि तिन्ही वेळा पाण्याला "आत्ताच पिऊन आलो" म्हणाले. नीरजा प्रत्येक वेळी त्यांच्यासाठी तोच एक कोरा स्टीलचा पेला वेगळा काढून ठेवायची. तिच्या माहेरची पद्धत म्हणून नव्हे. भावाला अडचण वाटू नये म्हणून. तो पेला कपाटात वरच्या फळीवर आहे, अजून कोणाच्याही ओठाला लागलेला नाही.

तो पेला मी भाऊंना देतो. प्रियांकाने स्वतः नेऊन द्यावा आणि पाणी भरून द्यावा. प्यायले तर ठीक. नाही प्यायले तर तिने ते तिथेच स्वतः प्यावं आणि पेला परत आणावा. यापेक्षा जास्त माझ्या मनात काही नाही. खरं तर आहे, पण ते लिहिलं तर वकील पान फाडतील.

कलम ६. इकोचं मशीन, त्यावरचा माझा दावा, आणि तिसरा अंतरा.

आवाज घुमवणारं ते यंत्र 'धूमकेतू'च्या चौघांनी मिळून घेतलेलं होतं. त्याच्याशिवाय नवी गाणी म्हणजे मीठ नसलेली आमटी. चौऱ्याऐंशी साली माघी गणपतीत टिटवाळ्याला आमचा कार्यक्रम होता. मध्यंतरात निवेदकाने हौसेने जाहीर केलं की आपले महेंद्र आणि नीरजा लवकरच विवाहबद्ध होत आहेत. टाळ्या पडल्या. पुढचं गाणं तेच, नेहमीचं. नीरजाने तिचा भाग म्हटला, मी माझा म्हटला, आणि तिसऱ्याच्या वेळी वळून पाहिलं तर आनंद नाही. मशीनही नाही. वायरी उपटून, मशीन काखोटीला मारून तो गेला होता. जगनने दोन वेळा नुसताच ठेका फिरवला आणि आम्ही गाणं कसंबसं संपवलं.

चाळीस वर्षं मी आनंद काथोड भोईर या माणसाशी बोललो नाही. माझी समजूत अशी की भांडण मशीनचं आहे. "चोर लेकाचा," असं मी प्रत्येक दिवाळीला एकदा तरी म्हणायचो. नीरजा म्हणायची, "जाऊ दे ना, एका मशीनचं काय एवढं." ती असं म्हणून लगेच स्वयंपाकघरात का जायची, याचा विचार मी केला नाही.

नीरजा आजारी पडल्यावर पंचाईत झाली. माझा दुसरा अंतरा संपला की ती तिसऱ्यासाठी थांबायची. तिसरा मला येत नव्हता, तो आनंदचा. मग पुन्हा चपला, पुन्हा दार. मी मयूरच्या स्पीकरवर गाणं लावलं, म्हटलं शब्द लिहून घेऊ. गाणं दुसऱ्या अंतऱ्यावर संपलं. मला वाटलं रेडिओप्रमाणे यांनीही कापलं असेल, कारण फर्माईशच्या कार्यक्रमात वेळ संपला की गाणं शेवटाकडे बारीक करून टाकायचे. आनंद तेव्हा सांगायचा की त्याने तिसरा अंतरा कल्याणच्या एका लाउडस्पीकरवाल्याकडच्या रेकॉर्डवर ऐकला. मी प्रियांकाला शोधायला लावलं. तिने सगळीकडे शोधलं.

"बाबा, या गाण्याला दोनच अंतरे आहेत. तिसरा नाहीचे."

मग मी कल्याणला गेलो. आधारवाडीला आनंदच्या दारात उभा राहिलो. तो बनियनवर बाहेर आला. डोक्यावर केस नाहीत, साखरेने पाय सुजलेले. चाळीस वर्षांनी मी त्याला पहिलं वाक्य काय बोललो असेन?

"इकोचं मशीन?"

"माळ्यावर हाय. गंजलाय. नेतोस?"

मी म्हणालो, "मशीन नको. तिसरा अंतरा दे. नीरजा तिथे येऊन थांबते." आणि तिच्या आजाराचं सगळं सांगितलं. तो दाराच्या चौकटीला धरून ऐकत होता. मग आत जाऊन खुर्चीवर बसला.

"कुठल्या रेकॉर्डवर होता रे तो?" मी विचारलं.

"रेकॉर्डवर नव्हता, मह्या. माझा होता. मी केलेला, तिच्यासाठी."

मी चपला काढून आत गेलो.

"तिला माहीत होतं?"

"तिलाच पयला ऐकवलेला ना. हसली. बोलली, चांगला झालाय, स्टेजवर म्हण. पन मी लगीन महेंद्रशी करनार."

"मग?"

"मग काय. म्हनत रायलो स्टेजवर. त्या दिवशी टिटवाळ्याला नाय म्हनवला."

ही गोष्ट नीरजाने मला कधी सांगितली नाही. तिने लपवण्यासारखं काही केलं नव्हतं. माणसाची लाज राखली, एवढंच. हे मला कळतं. तरीही त्या दुपारी मला राग आला, मत्सर वाटला, पासष्टाव्या वर्षी, मरायला टेकलेला असताना. संसार मी केला, सासरमाहेरचे टोमणे आम्ही दोघांनी झेलले, आणि सगळं पुसलं गेल्यावर ती थांबते कुठे, तर दुसऱ्याने केलेल्या चार ओळींपाशी. घरी परतताना रिक्षात मी हेच घोळवत होतो. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आनंद स्वतःहून आला. नीरजाने मुखडा म्हटला, पहिला म्हटला. मी दुसरा. आणि आनंदने त्याच्या फाटलेल्या आवाजात तिसरा. नीरजाने शेवटपर्यंत ऐकलं आणि टाळी वाजवली. "झालं एकदाचं," म्हणाली. मग निवांत बसून आमटीभात जेवली. कित्येक महिन्यांत ती पोटभर जेवली नव्हती. माझा राग तिथेच संपला असं मी म्हणणार नाही. पण भात पाहून तो बराच खाली बसला.

तेव्हापासून आनंद रोज येतो. कल्याणहून डोंबिवली, सुजलेले पाय घेऊन. तिसरा अंतरा म्हणतो, चहा घेतो, जातो.

सबब, इकोच्या मशीनवरचा माझा एकचतुर्थांश हक्क मी याद्वारे सोडत आहे, आणि आनंद भोईर यांस मी चोर म्हटल्याचं सर्व संबंधितांनी रद्द समजावं. तिसरा अंतरा माझी मालमत्ता नाही. म्हणून त्याचे शब्द या मृत्युपत्रात लिहिलेले नाहीत.

अकॉर्डियन आधी मी आनंदलाच देणार होतो. तो म्हणाला, "मना काय नको. लिवलास तर सही करनार नाय." ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी सांगितलं होतं. आनंदला साक्षीदार व्हायचं आहे.

कलम ७. अंत्यविधी.

त्रिशरण, पंचशील, बस. मला राख करून मोकळं व्हावं. नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भाषणं नकोत. सोसायटीतल्या ज्येष्ठांचा कराओके ग्रुप 'स्वरांजली' वाहायला येईल, त्यांना हात जोडून परत पाठवावं. टीव्हीवर शब्द सरकतात आणि हे वाचत वाचत गातात. एकही गाणं त्यांनी कमावलेलं नाही. माणसं चांगली आहेत, त्यांना चहा द्यावा.

कलम ८. दुसरा अंतरा.

आता मुख्य काम.

मी गेल्यावर पहिला अंतरा झाला की पुढे कोणी नसेल, ही काळजी होती. आनंदला दुसरा येत नाही, आणि आला तरी चालणार नाही, कारण त्याच्याकडे नीरजा तिसऱ्याची मालकी देऊन बसली आहे. म्हणून मी प्रियांकाला माझा अंतरा शिकवला. पोरीचा गळा आईचा आहे. आठ दिवसांत शिकली. पण पहिल्याच संध्याकाळी तिने तो सुरू केला आणि नीरजा कडाडली, "तो महेंद्रचा आहे! तू का म्हणतेस? गप्प बस!" आणि उठून चपला शोधायला लागली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. माझा आवाज मोबाईलवर भरून लावून पाहिला. तिने मोबाईल उशीखाली दाबला. प्रियांका बाथरूममध्ये जाऊन रडली. तिने आम्हाला कळू दिलं नाही, पण दोन खोल्यांच्या घरात काय लपतं?

तोडगा आनंदने सांगितला. चहा पिता पिता म्हणाला, "अरे, बदली सांगितलीस का तिला?"

मी पार विसरलो होतो. 'धूमकेतू'मध्ये नियम होता. कोणाचा भाग दुसऱ्याने परस्पर म्हणायचा नाही. मी आगारात पाळीवर काम करायचो, कार्यक्रमाच्या दिवशी कधी पाळी लागायची. मग मी आदल्या तालमीला सगळ्यांसमोर उभं राहून तोंडाने सांगायचो की मला पाळी लागली आहे, माझा भाग अमका म्हणेल. नीरजा आमच्यात शिस्तीची, ती "चालेल" म्हणायची, आणि मगच भाग त्या माणसाचा व्हायचा. आपला भाग आपणच सोडायचा असतो. मेल्यावर कोण सोडणार? म्हणजे हे काम मला जिवंतपणीच करायला हवं होतं. जिवंतपणी दिलेल्या वस्तूला कायद्यात मृत्युपत्र म्हणत नाहीत, बक्षीस म्हणतात, असं वकील म्हणाले. असू दे. नोंद इथे राहू दे.

मी तो दिवस पुष्कळ लांबवला. कारण भाग एकदा सोडला की सोडला. पाळीवर गेलेला माणूस संध्याकाळी घरात बसून गाऊ शकत नाही. आणि दिवसात मी महेंद्र असायचो ते तेवढ्याच वेळात. पण डॉक्टरांनी मागच्या खेपेला रिपोर्ट पाहून नुसताच चष्मा पुसला, तेव्हा म्हटलं आता थांबण्यात अर्थ नाही.

वरची कलमं लिहून झाल्यावर, गेल्या आठवड्यात, दिवे लागायच्या वेळी, मी तिच्यासमोर उभा राहिलो. तिने मुखडा आणि पहिला अंतरा म्हटला होता. मी माझा अंतरा शेवटचा म्हटला. ती म्हणाली, "महेंद्र, सूर वर चढवू नकोस." तेवढ्यात मी बोलून घेतलं.

"नीरजा, मला पाळी लागली आहे. उद्यापासून माझा अंतरा प्रियांका म्हणेल."

तिने प्रियांकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपाळाला आठ्या पडल्या.

"खोपटला?"

"हो."

"किती दिवस?"

"या वेळी मोठी आहे."

आनंद कोपऱ्यात बसला होता. तो खाली बघत होता. नीरजाने हात पुढे करून माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"चालेल," म्हणाली. "डबा नेतोयस ना?"

"नेतोय," मी म्हणालो.

दुसऱ्या संध्याकाळी प्रियांकाने दुसरा अंतरा म्हटला आणि नीरजाने तो म्हणू दिला. चपला शोधल्या नाहीत. आता रोज गाण्याच्या वेळी मी स्वयंपाकघरात दार लोटून बसतो, कारण दिसलो तर ती विचारेल, कामावर गेला नाहीस का. दाराआडून तिघांचं गाणं ऐकू येतं. पोरगी चांगलं म्हणते. सूर वर चढवत नाही. गाणं संपलं की मी बाहेर येतो आणि नीरजा मला विचारते, "अहो, तुम्ही कोणाकडे आलात?" मला फार वाईट वाटतं, आणि मी तिच्याशेजारी जेवायला बसतो.

प्रियांका, तुला या घराशिवाय दुसरं काही दिलं नाही असं कोणी म्हटलं तर त्याला हे कलम दाखव.

आणि शेवटची सूचना, प्रियांका, मयूर, साकेत आणि आनंद या चौघांना मिळून. मी जाईन त्या दिवशी नीरजासमोर रडू नका, तिला खाली नेऊ नका, माझा चेहरा दाखवू नका, आणि नवीन काही सांगू नका. संध्याकाळी वेळेवर गाणं म्हणा. मी कुठे गेलो आहे हे तिला मी स्वतः सांगितलं आहे, आणि ती हो म्हणाली आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि खालील दोन साक्षीदारांदेखत त्यावर सही केली. त्यांनीही माझ्यादेखत केली.

ठिकाण: डोंबिवली पूर्व
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५, बुधवार

(सही) महेंद्र शिवराम गमरे

साक्षीदार:

१. (सही) आनंद काथोड भोईर, आधारवाडी, कल्याण पश्चिम

२. (सही) शौनक मधुकर दाबके, शेजारी, मानपाडा रोड, डोंबिवली पूर्व